रमी दिसली, डाव दिसला नाही



जिल्हा बैठकीला येणाऱ्या दहा जणांपैकी एकाच्याच खिशात पेन असतो, फोन मात्र दहाही जणांकडे असतो. माझ्याकडेही आहे. म्हणून या खेपेला फोनविषयीच लिहितो. आधी स्वतःचा गुन्हा कबूल करतो, म्हणजे पुढे चार शब्द बोलायला तोंड राहील.

२० जुलै २०२५, रविवार. कोळपणी आटोपून पारावर टेकलो होतो. पुतण्याने फोन पुढे केला. म्हणाला, "काका, बघा आपले कृषिमंत्री." पाहिले तर विधान परिषदेचे सभागृह, माणिकराव कोकाटे यांच्या हातात फोन आणि फोनवर पत्ते. रोहित पवारांनी तो व्हिडिओ टाकला होता आणि दुपारपर्यंत तो महाराष्ट्रभर पोचला होता. मीही हसलो. मेहुण्याला पाठवला, साडूला पाठवला, गावच्या गटावर टाकला, सोयऱ्यांच्या गटावर टाकला. संध्याकाळपर्यंत तोच व्हिडिओ चार जणांकडून मला परत आला, तेव्हा पुन्हा हसलो.

मंत्र्यांचे म्हणणे होते की आपण रमी खेळत नव्हतो, फोनवर आपोआप आलेली जाहिरात बाजूला सारत होतो. खरे-खोटे त्यांना ठाऊक. लातूरला पत्ते फेकून निषेध करणाऱ्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली, त्याचाही व्हिडिओ आला, तोही आपण पाहिला. शेवटी ३१ जुलैला खाते बदलले. कृषी खाते दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले आणि कोकाटे यांना मिळाले क्रीडा खाते. पत्त्यांवरून ओरड झाली आणि खेळाचे खाते मिळाले! विनोद करायला आता तमाशातल्या सोंगाड्याची गरज उरली नाही, ते काम शासन स्वतःच्या अंगावर घेते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये ते मंत्रिपदही गेले, पण ते एका जुन्या घरकुल प्रकरणातल्या शिक्षेमुळे. रमीशी त्याचा संबंध नव्हता.

तर जुलैच्या शेवटी आपण सगळे खुशीत होतो. मंत्र्याला खाली खेचले, शेतकऱ्याची ताकद दाखवली. पारावर चहा झाला. चहाचे पैसे मीच दिले.

आता हिशेब मांडतो. त्या बारा दिवसांत आपण काय पाहत होतो ते झाले. काय पाहत नव्हतो ते पाहू.

विम्याचा कागद

जुलै महिना पीकविमा भरण्याचा. २०२३ पासून एक रुपयात विमा होता. त्या एका रुपयावरूनही फेब्रुवारी २०२५ मध्ये याच कृषिमंत्र्यांनी भिकाऱ्याचा दाखला दिला होता आणि तेव्हाही आपण आठवडाभर त्या शब्दावर संतापलो होतो. शब्द लागला, लागणारच. पण ९ मे २०२५ ला शासन निर्णय निघाला आणि एक रुपयाचा विमा बंद झाला. खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकाला विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा असे ठरले.

हप्ता वाढला हे आपल्याला कळले, कारण खिशातून पैसे गेले. पण त्याच निर्णयात दुसरी गोष्ट होती, तिच्यासाठी खिशात हात घालावा लागला नाही म्हणून ती कोणाच्या ध्यानात आली नाही. पूर्वी पेरणीच झाली नाही तर, हंगामात मध्येच खंड पडला किंवा पूर आला तर, ढगफुटी-गारपिटीसारखी स्थानिक आपत्ती आली तर, आणि काढलेले पीक शेतात भिजले तर, अशा चार प्रकारे नुकसानीचा दावा करता येत होता. २०२५ च्या खरिपापासून हे चारही दरवाजे बंद झाले. उरला तो फक्त पीक कापणी प्रयोग. मंडळात ठराविक ठिकाणी कापणी होणार, तिथले सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले तर भरपाई. तुमच्या एकट्याच्या रानात नदी घुसली, त्याची वेगळी मोजदाद नाही.

हा शासन निर्णय मराठीत आहे. गुप्त नाही. सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडून वाचता येतो, आणि त्याच फोनवर उघडतो ज्याच्यावर आपण रमी पाहिली. माझ्याकडे रमीचा व्हिडिओ चार वेळा आला. शासन निर्णय एकदाही आला नाही. मीही तो कोणाला पाठवला नाही, कारण मीही वाचला नव्हता.

मग सप्टेंबर उजाडला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो तुम्हाला सांगायला नको. बोंडे झाडावरच काळी पडली, सोयाबीन तरंगले, कुठे कुठे तर मातीच वाहून गेली. लोक नुकसान कळवायला निघाले. विमा कंपनीला बहात्तर तासांत कळवायचे, अशी आधीच्या वर्षांची सवय. तेव्हा कळले की कळवण्याची सोयच मे महिन्यात काढून टाकली आहे. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथे तर बैल जाण्याच्या आधीच झोप्याची दारे कोणी उचलून नेली होती. आणि नेताना आपण अंगणातच बसलो होतो, फोनमध्ये मान घालून.

सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. आकडा मोठा होता, फोनवर आणखी मोठ्या अक्षरात आला. धाराशिवकडे मदतीच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो होते, त्यावर आपण पुन्हा हसलो आणि पुन्हा पाठवापाठवी केली. पॅकेज ही सरकारची मर्जी असते, विमा हा हप्ता भरून घेतलेला हक्क असतो. हक्क मे महिन्यात गेला, मर्जी ऑक्टोबरात आली, आणि आपण पिशवीवरच्या फोटोचा न्याय करीत बसलो.

भिंत आणि दार

दुसरा डाव यापेक्षा मोठा. तो कापसाचा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

१५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी लाल किल्ल्यावरून बोलले. अमेरिकेने आपल्या मालावर जबर आयातकर लावला होता, त्या संदर्भात शेतकरी, मच्छीमार आणि पशुपालक यांच्या हिताआड येणाऱ्या धोरणापुढे आपण भिंतीसारखे उभे आहोत, अशा आशयाचे ते बोलले. भाषण फोनवर आले. मागे ढोल-ताशे, पुढे भिंतीचे चित्र. आमच्या गटावर कोणी हात जोडले, कोणी अंगठे दाखवले.

१८ ऑगस्टला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली. परदेशातून येणाऱ्या कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून जो ११ टक्के कर होता, तो १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ. भिंत होती तिथेच राहिली, शेजारचे दार उघडले.

२२ ऑगस्टला पोळा झाला. बैलांना बाशिंगे बांधली, शिंगांना हिंगूळ लावला, पुरणपोळी चारली. पोळ्याच्या दिवशी गावात ही बातमी ठाऊक असलेला एक माणूस मला भेटला नाही. २७ ऑगस्टला गणपती बसले, त्याच दिवशी अमेरिकेचा कर ५० टक्क्यांवर गेला. आणि २८ ऑगस्टला, ऋषिपंचमीच्या दिवशी, आयातकराची माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

ऋषिपंचमीचा नेम आपल्या मायबहिणींना पाठ आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. आयाबाया हा नेम बैलाच्या उपकाराची आठवण म्हणून पाळतात. दिल्लीनेही त्या दिवशी आपल्या बैलाच्या कष्टाचे न घेण्याची सोय केली, फक्त ती चार महिन्यांची केली.

३१ डिसेंबर ही तारीख नीट पाहा. कोरडवाहू कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे, दुसरी दिवाळीनंतर. ज्याच्या डोक्यावर दुकानदाराची खताची उधारी आहे, बँकेचे कर्ज आहे आणि पोराची फी आहे, तो कापूस घरात किती दिवस ठेवणार? नाताळ येईपर्यंत त्याच्या घरात फरदडीपुरती पऱ्हाटी शेतात आणि पट्टीचा कागद खुंटीला, एवढेच उरते. म्हणजे आपला माल घरात होता तोवर दार उघडे राहिले. दार बंद व्हायची वेळ आली तेव्हा आपण माल विकून मोकळे झालो होतो.

पारावरचे गणित

कोणी म्हणेल, ११ टक्क्यांनी असे काय होते? पाटी-पेन्सिल घ्या.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईचा बाजार खंडीवर चालतो, खंडी म्हणजे ३५६ किलो. खंडीचा भाव हिशेबासाठी ५५,००० धरा. त्यावर ११ टक्के म्हणजे ६,०५० रुपये. किलोमागे १७ रुपये. ३४ किलोचे झाले ५७८ रुपये. म्हणजे परदेशी रुई कर भरून येते की न भरता येते, यात आपल्या एका क्विंटल कापसामागे ५७८ रुपयांचा फरक पडतो.

माझी चार एकर पऱ्हाटी. कोरडवाहूला एकरी पाच क्विंटल धरा, वीस क्विंटल झाले. ५७८ गुणिले २० म्हणजे ११,५६० रुपये.

आता दुसरी बाजू. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी निधीचे ६,०००. एकूण १२,०००. हप्ता जमा झाला की फोन वाजतो, नावासकट संदेश येतो, वर फोटो असतो. ११,५६० रुपये जातात तेव्हा फोन वाजत नाही.

कोणी शहाणा म्हणेल की सगळा कर काही भावात उतरत नाही. बरे, निम्मा धरा. तरी निम्मा सन्मान निधी गेला. आणि बाजार कोणत्या दिशेने वळला हे सांगायला अर्थशास्त्री नको. आयातकर उठताच सीसीआयने स्वतःच्या रुईचे विक्रीदर उतरवले. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१०. दिवाळीच्या सुमारास खासगी व्यापाऱ्याचा भाव सात हजारांच्या अलीकडेपलीकडे. ८,११० आणि ७,००० यांतला फरक वीस क्विंटलला २२,२०० रुपये होतो. जवळजवळ दोन वर्षांचा सन्मान निधी एका हंगामात काट्यावर सांडला.

गिरण्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेने ५० टक्के कर लावल्यावर कापड आणि तयार कपडे निर्यात करणारे अडचणीत आले, तिरुपूरपासून इचलकरंजीपर्यंत कामगारांची पोटे त्यावर आहेत, हे खोटे नाही. त्या कामगारांत आपलीच शेती सोडून गेलेली पोरे आहेत. त्यांना मदत जरूर करा. पण तिजोरीतून करा, व्याजात सूट द्या, निर्यातीला अनुदान द्या. मदत सरकारची आणि पैसा कापूसवाल्याचा, हा कुठला न्याय?

आणि कोणी असे समजू नये की आपण खुल्या बाजाराला भितो. खुला बाजार आपण मागत आलो आहोत. पण खुला म्हणजे दोन्हीकडून खुला. मार्च २०१२ मध्ये भाव मिळू लागला तर एका रात्रीत कापसाची निर्यात बंद झाली, तेव्हा दिल्लीत काँग्रेसचे सरकार होते. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला, तर १४ एप्रिल २०२२ पासून आयातकर माफ. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद, वैजापूर-गंगापूरच्या कांदेवाल्यांना ती अजून झोंबते. आणि २०२५ मध्ये कापूस पडलेलाच होता, तरी आयातकर माफ. भाव चढला म्हणून दार उघडायचे, भाव पडला तरी दार उघडायचे. २०२४-२५ च्या हंगामात बाहेरून आलेल्या गाठी चाळीस लाखांच्या आसपास होत्या असा कापूस व्यापाऱ्यांच्या संघटनेचाच अंदाज. त्या आधीच्या हंगामात पंधरा लाखांच्या घरात. एक गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीत आपला पाच क्विंटल कापूस. म्हणजे माझ्यासारख्या माणसाचे एक एकर.

अमेरिकेच्या कापूसवाल्याला त्याचे सरकार अनुदान देते आणि तणनाशक सहन करणारे बियाणेही मोकळेपणी पेरू देते. इथे तेच बियाणे पेरले तर गुन्हा. त्याच्या हाती नांगर द्यायचा, आपल्या हाती खुरपे द्यायचे, आणि मग सांगायचे की दोघे एकाच बाजारात उतरा.

खुलताबादची कबर आणि ३१ मार्च

हे दोनच प्रसंग असते तर योगायोग म्हटले असते. पण त्याच वर्षाच्या मार्चमध्ये काय झाले, तेही आपल्याच जिल्ह्यात, ते आठवून पाहा.

औरंगजेब १७०७ साली मेला. त्याची कबर खुलताबादला आहे आणि तीनशे वर्षे ती तिथेच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' सिनेमा आला. मार्चमध्ये ती कबर ठेवायची की काढायची यावर राज्य पेटले. खुलताबादला बंदोबस्त लागला, पत्रे ठोकले गेले, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली आणि त्यात एक जीव गेला. संभाजी महाराजांविषयीच्या भक्तीत आपण कोणाला हार जाणार नाही, आणि औरंगजेबाचा पुळका या जिल्ह्यातल्या कोणत्या शेतकऱ्याला आहे? पण महिनाभर आपल्या फोनवर दुसरे काही नव्हते. एकाच पाण्याच्या पाळीवर बसणारे दोन शेजारी गटावर एकमेकांना काय काय लिहीत होते, ते मी वाचले आहे. पुढच्या पाळीला ते बोलले नाहीत.

त्याच महिन्यात, १० मार्चला, राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. निवडणुकीत ज्या कर्जमाफीचे आश्वासन होते ती त्यात नव्हती. आणि २८ मार्चला तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी बारामतीत स्पष्ट सांगितले की कर्जमाफीची वाट पाहू नका, ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. सरळ बोलले, एवढ्यापुरते बरे. पण नोव्हेंबर २०२४ ला मते घेताना एक आणि मार्चला हप्ता घेताना दुसरे, याचा जाब विचारायला गावागावातून जी माणसे निघायला हवी होती, ती कबरीवर भांडून दमली होती. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाचे काय करायचे ते ठरवता ठरवता, तीन दिवसांत कर्ज कसे भरायचे ते विचारायचे राहून गेले.

नावांचेही तसेच. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. त्याविषयी ज्याचे त्याचे मत, या पानावर तो वाद नको. त्याच २०२३ साली जगाने भरडधान्य वर्ष पाळले आणि अर्थसंकल्पात आपल्या ज्वारीचे नाव श्रीअन्न झाले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३,६९९ रुपये. कागदावर चांगला आहे. पण हमीभावाने ज्वारी घेणारा काटा आपल्या तालुक्यात हंगामात किती दिवस उभा राहिला, हे ज्याने विकली त्याने बैठकीत उभे राहून सांगावे. काळी पडलेली श्रीअन्न व्यापारी कोणत्या नावाने मागतो तेही सांगावे.

आता फोन टाकून द्यायचा का?

नाही. टाकून दिला तर कापूसही विकता येणार नाही. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला कापूस घालायचा तर 'कपास किसान' नावाच्या अ‍ॅपवर नोंदणी लागली. १ सप्टेंबरपासून ती सुरू झाली. आधार, सातबारा, पेऱ्याची नोंद, मग दिवस आणि वेळ घ्यायची, मग गाडी न्यायची. पेऱ्याची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीवर, तीही फोनवरच. योजनांसाठी एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक. म्हणजे सातबारा तलाठ्याकडून निघून आता खिशात आला आहे. ज्याच्याकडे बटनांचा फोन आहे, त्या म्हाताऱ्याने कोणाच्या तरी पोराच्या विनवण्या करायच्या. शेजारचे आबा मला म्हणाले, "आरं, जन्मभर काट्यावर लबाडी होऊ नये म्हणून डोळे फोडले. आता काट्यापर्यंत जायलाच डोळे लागून राह्यले."

आणि काट्यापाशी पोचले की ओलावा. ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्याच्या वर कपात, १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत. सप्टेंबरभर पाण्यात उभा राहिलेला कापूस १२ च्या आत आणायचा तर वाळवायला जागा, ऊन आणि थांबायला पैसा लागतो. ज्याला थांबता आले त्याला हमीभाव मिळाला. ज्याला थांबता आले नाही त्याचा ओला कापूस व्यापाऱ्याने दारातून उचलला. हमीभाव गरिबासाठी असतो आणि मिळतो थांबू शकणाऱ्याला, हे या ओलाव्याच्या यंत्राने एका हंगामात शिकवले.

तेव्हा फोन हे आपले नवे औत आहे. प्रश्न एवढाच की औत कोण हाकतो आहे. आज ते आपल्याला हाकते. कोणी मुंबईत, कोणी दिल्लीत बसून ठरवतो की आज शेतकऱ्याने हसायचे, उद्या चिडायचे, परवा शेजाऱ्याशी भांडायचे, आणि आपण हसतो, चिडतो, भांडतो. सत्ताधारी भिंतीचे चित्र पाठवतात, विरोधक रमीचा व्हिडिओ पाठवतात. आयातकराविरुद्ध विरोधक बोलले नाहीत असे नाही. पण ते बोलणे तुमच्या-माझ्या फोनपर्यंत का पोचले नाही? कारण त्यात हसण्यासारखे काही नव्हते, आणि ज्यात हसण्या-भांडण्यासारखे नाही ते आपण पुढे पाठवत नाही. हा दोष पुढाऱ्यांचा नाही, आपला आहे.

डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगावला, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, कापूस आंदोलनावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. तेव्हा गावात एक फोन असला तर असायचा. बातमी पोस्टकार्डाने यायची, नाहीतर एसटीच्या कंडक्टरकडून. तरीही रस्त्यावर उतरलेल्या बाईला कापसाचा भाव किती, तो का पडला आणि कोणामुळे पडला, हे तोंडपाठ होते. आज आपल्या खिशात सगळे जग आहे आणि आयातकर कधी उठला ते आपल्याला पोळ्यापर्यंत ठाऊक नसते.

म्हणून या बैठकीपुढे तीन सूचना मांडतो. पटल्या तर ठराव करा, नाही पटल्या तर माझे काय चुकले ते सांगा.

१. प्रत्येक गावच्या गटात दोन पोरे नेमावीत, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी. कृषी, सहकार आणि महसूल खात्यांचे शासन निर्णय आणि दिल्लीच्या कापूस, कांदा, सोयाबीन, मका यांवरच्या अधिसूचना त्यांनी दर शनिवारी उघडून पाहाव्यात आणि दहा ओळींत, आपल्या बोलीत, गटावर टाकाव्यात. ज्याला विनोदी व्हिडिओ पाठवायचा असेल त्याने आधी त्या दहा ओळी पुढे पाठवाव्यात, मग खुशाल हसावे.

२. पट्टीचा फोटो. कापूस, ज्वारी, मका, कांदा, काहीही विकले की पट्टीचा फोटो तालुक्याच्या गटावर टाकावा. नाव झाकले तरी चालेल, तारीख, वजन, ओलावा आणि भाव दिसला पाहिजे. पैठणला काय, सिल्लोडला काय आणि जाधववाडीला काय, हे एका जागी दिसू लागले की व्यापाऱ्यालाही जरा लाज वाटेल आणि आमदारापुढे टाकायला आपल्याकडे पुरावा राहील.

३. आमदार, खासदार किंवा जिल्हा परिषदेचा माणूस गावात आला तर त्याला कबरीविषयी, रमीविषयी आणि कोणाच्या फोटोविषयी काही विचारू नये. तीनच प्रश्न विचारावेत आणि उत्तर फोनमध्ये टिपून घ्यावे. विम्याचे चार दरवाजे कोणाच्या सहीने बंद झाले? ऑगस्ट २०२५ मध्ये आयातकर उठला तेव्हा तुम्ही कोणत्या सभागृहात काय बोललात? ओला कापूस वाळवायला बाजार समितीत किती जागा दिलीत? उत्तर आले नाही तर तेही टिपावे. तो व्हिडिओ मात्र सगळीकडे पाठवावा, पहिल्यांदा मीच पाठवीन.

जुलैमध्ये चहा मी पाजला, तो बारा दिवसांच्या खुशीचा होता. पुढच्या बैठकीला येताना खिशातली पट्टी घेऊन या. चहाचे तेव्हा पाहू.

आपला,
पैठण तालुक्यातला एक कापूसवाला